पंखा बंद ठेवणाऱ्या गावाची हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात शहराच्या हवेचे आकडे अधूनमधून छापून येतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे, त्यामुळे रस्त्यावरची धूळ, जाळलेला कचरा यावर बोलले तरी जाते. पण ही सगळी मोजणी उघड्यावरची. आमच्या पूर्व भागातला माणूस दिवसाचे दहा-बारा तास पत्र्याखाली यंत्रमागापाशी असतो आणि त्याच्या घरची बाई मांडीवर सूप घेऊन एका खोलीत विड्या वळत असते. तिथल्या हवेचा आकडा छापून आलेला मी अजून पाहिलेला नाही.

या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे, बाहेरच्या माणसाला ती चटकन ध्यानात येत नाही. दोन्हीकडे पंखा बंद असतो. सुपातली तंबाखू उडते म्हणून विडीवाली पंखा लावत नाही. मागावर कोरडा वारा लागला की सूत तटातट तुटते आणि कापसाचे बारीक तूस उडून नव्या चादरीवर बसते, म्हणून आम्ही खिडक्याही लावून घेतो. तेही बाहेर ४२-४३ अंश असताना. ‘हवा खेळती ठेवा’ हा डॉक्टरांचा सल्ला आम्हाला कळतो, पण जमत नाही. हवा तर बदलली पाहिजे आणि वारा तर लागता कामा नये, असा हा तिढा आहे.

मी तो माझ्या अकलेने सोडवायला गेलो आणि पैसे घालवले. माझा आठ जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागांचा लहानसा कारखाना आहे. गेल्या उन्हाळ्यात दाराच्या वरच्या बाजूला दोन एक्झॉस्ट पंखे बसवले. जागा तीच का, तर वायर जवळ पडत होती! महिनाभर पंखे घरघरले, बिल वाढले, आणि मागच्या भिंतीकडच्या दोन मागांवरच्या ट्यूबलाइटला लोंबणारी तुसाची पांढरी दाढी होती तशीच राहिली. तिथला कारागीर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होते म्हणायचा. मी ते सुट्टीतल्या जागरणावर ढकलत होतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची हीच जुनी खूण आहे, हे मला फार उशिरा कळले.

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने एक उदबत्ती पेटवून दारात धरली, धूर सपकन पंख्यातून बाहेर. तीच मागच्या मागापाशी नेली तर धूर हातभर वर जाऊन जेकार्डच्या दोऱ्यांत घुटमळत राहिला. म्हणाला, “मामा, तुमचे पंखे दारातून हवा घेतात आणि दारावरूनच बाहेर टाकतात. आतल्या हवेला याचा पत्ताच नाही.” फुंकलेला वारा लांबवर जातो, पण ओढणारा पंखा फक्त आपल्या तोंडाजवळचीच हवा ओढतो. समई फुंकून विझते, श्वास ओढून विझवून बघा.

मग त्याने लॅपटॉपवर माझा कारखाना उभा केला. या विद्येला कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात, पोरांच्या भाषेत सीएफडी. आतल्या हवेचे त्याने बारा लाख बारीक खण पाडले. प्रत्येक खणाचा हिशेब म्हणजे आमच्या रोजमेळासारखाच: जेवढी हवा जमा, तेवढी नावे. वेगाचा आणि उष्णतेचा हिशेबही तसाच. शेजारच्या खणाशी मेळ बसेपर्यंत यंत्र आकडे पुन्हा पुन्हा घोटत राहते. समीकरणे नेव्हिए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातली, पण हाताने सुटत नाहीत म्हणून पडून होती. खोलीतल्या हवेसाठी ही पद्धत डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात वापरली. आज ओपनफोम नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

रात्रभर लॅपटॉप तापला आणि सकाळी निकाल आला: मागच्या भिंतीशी हवा उत्तम! मी हसलो. पोरगा मात्र हसला नाही, पुन्हा उदबत्ती घेऊन बसला. चूक सापडली. त्याने माग म्हणजे कमरेइतके ठोकळे धरले होते. वरची जेकार्डची चौकट आणि खाली सुटलेले शेकडो दोरे, जे हवेला पडद्यासारखे आडवे येतात, ते हिशेबात नव्हतेच. तापलेला पत्राही नव्हता. दोन्ही घातल्यावर लॅपटॉपवर रंगांनी दाखवलेली हवा आणि उदबत्तीचा धूर एकच बोलू लागले. संगणकाने सांगितले म्हणून मानायचे नाही, हे मी त्या सकाळी शिकलो.

पुढचे काम लॅपटॉपवरच झाले. भिंत न फोडता त्याने सात ठिकाणी भोके पाडून पाहिली. शेवटी ठरले ते असे: पंखे दारावरून काढून मागच्या भिंतीत, पत्र्याच्या लगत उंच बसवायचे, आणि दाराकडच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर उंचीवर एक रुंद झरोका ठेवायचा. झरोका रुंद असला की तेवढीच हवा सावकाश आत येते. त्याला कूलरसारखे ओले गवत लावले की हवा दमटही येते आणि सूत तुटत नाही. हिशेबाप्रमाणे मागापाशी वाऱ्याचा वेग सेकंदाला पाव मीटरच्या आत राहिला. गवंड्याला दोन दिवस लागले. ट्यूबलाइटची दाढी अजून येते, पण पूर्वी आठवड्यात यायची तेवढी आता महिन्यात येते. कारागिराच्या छातीबद्दल मी काही दावा करणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचे.

आमच्या आजोबांच्या माळवदाच्या घराला छतात साणं, म्हणजे धूर-उजेडाचे भोक, होते. चुलीचा धूर आपोआप वर जायचा आणि खालून दारातून हवा यायची. पत्रा आणि स्लॅब आले आणि साणं बुजले. बांधणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक होते की नुसती रीत, कोण जाणे.

हा सगळा कारखानदाराचा हौसेचा खेळ वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोरोना झाला. संशोधकांनी तिथली हवा प्रत्यक्ष मोजली आणि सीएफडीने मांडलीही. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरच गोल फिरत होता आणि हवा बाहेर टाकणारे पंखे बंद होते. माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत होती. जागतिक आरोग्य संघटना दहा लिटर सांगते. एका खोलीत चारजणी विड्या वळतात, तिथे आणि आमच्या शिकवणीवर्गांत किती मिळत असेल?

आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प लागतात आणि त्यातले बरेच मागच्या वर्षीच्या फायलीवर नवे कव्हर घालून होतात, हे त्यांनाही माहीत आहे आणि प्राध्यापकांनाही. त्याऐवजी एकेका गटाने एकेक खरा कारखाना, एकेक विडीवालीची खोली, एकेक शिकवणीचा हॉल घ्यावा. यंत्रमागधारकांच्या संघटनेने जागा दाखवाव्यात आणि महापालिकेने घरकुलांचे नकाशे द्यावेत. सगळ्यात अवघड आहे ती विडीवालीची खोली. तिथे भिंत एकच मोकळी असते, दुसरीकडे शेजाऱ्याचे घर, आणि पंखा तर लावताच येत नाही. माझ्या भाच्याने ती सोडवायला घेतली होती. परीक्षा आली आणि ते तसेच राहिले.

कुणाला ते पुढे न्यायचे असेल तर त्याची फाइल द्यायला तो तयार आहे. आणि माझा कारखाना सुट्टीच्या दिवशी रिकामाच असतो, मापे घ्यायला खुशाल यावे. उदबत्ती मात्र जाडसर आणा, बारीकचा धूर जेकार्डच्या दोऱ्यांत दिसत नाही.

आपला वाचक,
एक यंत्रमागधारक
पूर्व भाग, सोलापूर