गठ्ठा सोडताना

इंदूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

"मदतनीस म्हणजे नेमकं काय करतेस?" असं बाबांनी फोनवर विचारलं, तेवढ्यात आईचा भाजीवाला आला आणि उत्तर राहूनच गेलं. म्हणून लिहिते. बाई फळ्यावर शिकवतात. मागे पडलेली सात-आठ मुलं घेऊन मी कोपऱ्यात सतरंजीवर बसते. तिसरीचं गणित. मला वाटलं होतं, यात आपल्याला काय शिकायचंय!

पहिल्याच आठवड्यात एकाने 52 मधून 38 वजा करून 26 आणले. मी तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा त्याने मान डोलावली, आणि पुन्हा 26. बाई म्हणाल्या, आधी त्याला विचार, कसं केलंस. तर म्हणाला, "आठ में से दो गए, छह. पाँच में से तीन गए, दो." लहानातून मोठं जात नाही, असं त्याला कधीतरी कोणी सांगितलं होतं, आणि तो ते इमानेइतबारे पाळत होता. बाबा, रागावू नका, पण माझ्या पाटीवर तुम्ही नुसती फुली मारायचात.

मग आइस्क्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. अडतीस दे म्हटलं. तीन गठ्ठे झटकन दिले आणि आठ सुट्यांपाशी अडला. रबर काढायला हात धजेना. गठ्ठे त्यानेच बांधले होते ना! शेवटी एक सोडला, बारांतल्या आठ माझ्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या न मोजताच ओरडला, "चौदह!"

इथे याला 'उधार लेना' म्हणतात. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "उधार लौटाते कब हैं?" आता काय सांगू? तेव्हापासून मी तो शब्दच टाकला. 'गठ्ठा खोलो' म्हणते.

आकड्यांचा ताप वेगळाच. 'उनसठ' सांगितलं की निम्मी मुलं 69 लिहितात. कानावर साठ पडतो ना. आपलं एकोणसाठही त्यातलंच. पण आपण एकोणनव्वदपर्यंत तरी सरळ जातो, हिंदी उन्यासीनंतर एकदम नवासी म्हणते! घरी एकोणऐंशी आणि शाळेत उन्यासी, यात मी किती रडलेय ते आईला विचारा. 2019 मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा आपण दोघांनी मिळून टिंगल केली होती. आता माझ्याच्याने होणार नाही.

आणि 'दो सौ सात' म्हणजे 2007. आधी दोनशे लिहायचे, पुढे सात चिकटवायचा. ऐकू येतं तसंच लिहितात बिचारी. तुम्ही मला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरातला 876 सालचा शिलालेख दाखवायला भर उन्हात चालवत नेलं होतंत, आठवतं? त्यात कोरलेली बागेची लांबी 270 हात, आणि त्यातलं ते इवलंसं शून्य. मी सगळा वेळ कुल्फीसाठी भुणभुण करत होते. परवा तोच 270 फळ्यावर काढला आणि शून्य पुसून विचारलं, आता किती हात? "सत्ताईस! इतने में तो झूला भी नहीं आएगा."

बाबा, पावकी-निमकी, ते पाव-अर्ध्याचे पाढे, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, हळू म्हणा. दिवाळीला आले की आईच्या बरणीतले चिंचोके नेईन. मोजून ठेवू नकोस गं आई, मुलांनाच मोजू दे.

तुमची लेक