नवव्या फेरीतला एक गुण

रियाध,
दि. २४ मे २०२४

तीर्थरूप अप्पांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार,

मुष्टियुद्धाच्या लढतीत उसिक फ्युरीवर जिंकला, त्या निकालावरचे रविवारी फोनवरचे आपले बोलणे दादाने मध्येच फोन ओढून घेतल्यामुळे अर्धवट राहिले. "फ्युरीला लुटले" हे त्याचे वाक्य मी चार वेळा ऐकून घेतले, आणि आपणही "तीन पंच आणि तीन आकडे, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतेय" असे म्हणून त्याच्या बाजूला झुकलात, याचे मला जास्त वाईट वाटले. हा विषय आकड्यांचा आहे आणि आकडे फोनवर कोणाला पटत नाहीत, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. दादालाही हे वाचून दाखवावे, मात्र त्याने मध्ये बोलू नये.

लढत आमच्याच शहरात झाली, पण तिकीट आमच्या पगाराच्या आवाक्यातले नव्हते, त्यामुळे आम्ही ती मेसमधल्या टीव्हीवरच पाहिली. मध्यरात्र उलटून गेल्यावर युक्रेनचा उसिक आणि ब्रिटनचा फ्युरी रिंगमध्ये उतरले. तुमच्याकडे तेव्हा पहाट व्हायला आली असेल. हेवीवेटचे, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचे, चार संघटनांचे चारही विजेतेपदाचे पट्टे एकाच माणसाकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि या वजनाचा निर्विवाद विजेता लेनॉक्स लुईसनंतर, म्हणजे १९९९ नंतर, कोणी झालेला नव्हता. मी सुरुवातीपासून वहीच्या मागच्या पानावर फेरीगणिक गुण लिहीत होतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दादाने तसे केलेले नाही.

अप्पा, आपण यात्रेच्या फडात पंच म्हणून उभे राहिलेले आहात. तिथली कुस्ती निकाली असते. पाठ लागली की हलगी वाजते, आणि नाहीच लागली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. मुष्टियुद्धात बारा फेऱ्या संपूनही कोणी आडवा झाला नाही, तर निकाल रिंगबाहेर तीन बाजूंना बसलेल्या तीन जजांच्या कागदांवरून लागतो. प्रत्येक जज प्रत्येक फेरीला स्वतंत्र कुस्ती समजून जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला साधारण नऊ गुण देतो. फेरी केसभर फरकाने जिंकली काय किंवा चांगली ठोकून जिंकली काय, बहुतेक वेळा दहा-नऊच. फेरीत कोणी खाली गेला, तर त्याचा आणखी एक गुण जातो आणि ती फेरी दहा-आठ होते. शेवटी फक्त बेरीज करायची असते. त्यामुळे "एकंदरीत कोण भारी वाटला" हा दादाचा प्रश्न त्या कागदांवर कुठेच विचारलेला नसतो.

आता हे तीन कागद पाहावेत. पहिल्या जजाने उसिकला ११५–११२ ने, दुसऱ्याने उसिकलाच ११४–११३ ने आणि तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ ने विजयी ठरवले. ऐकताना हे तीन वेगळे निकाल वाटतात, पण मी त्यांच्या फेऱ्या उलट्या मोजून काढल्या. पहिल्याने उसिकला सात फेऱ्या दिल्या आणि फ्युरीला पाच. दुसऱ्याने सहा-सहा दिल्या. तिसऱ्याने उसिकला पाच आणि फ्युरीला सात. म्हणजे मधल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना एकेका फेरीचा फरक. अटीतटीच्या लढतीत तीन प्रामाणिक माणसे तीन वेगवेगळ्या बाजूंनी पाहत असतील, तर त्यांचे मत इतकेच हलणार. तिघांचेही आकडे तंतोतंत जुळले असते, तर मला उलट अधिक शंका आली असती.

पाणी मुरलेला कागद कसा असतो, तेही सांगतो. २०१७ साली लास वेगासमध्ये कानेलो आणि गोलोव्किन यांच्या पहिल्या लढतीत एका जजाने गोलोव्किनला ११५–११३ ने जिंकवले, दुसऱ्याने ११४–११४ बरोबरी दिली, आणि तिसऱ्या जजाचा कागद निघाला कानेलोच्या बाजूने ११८–११०, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या कानेलोला! तिथे आपला संशय रास्त ठरला असता. इथे तसा कागद एकही नाही.

मग निकाल कशाने लागला, तर एकाच गुणाने. नवव्या फेरीच्या शेवटी उसिकच्या डाव्या हाताचा फटका फ्युरीला असा बसला की सहा फूट नऊ इंचांचा तो गडी रिंगभर झोकांड्या खात दोरांवर जाऊन आपटला. तो जमिनीवर पडला नाही, कारण दोरांनी त्याला धरून ठेवले. रेफरीने मध्ये शिरून आकडे मोजले, कारण केवळ दोरांमुळे उभा राहिलेला माणूस पडल्यासारखाच धरावा असा नियम आहे, आणि मोजणी संपते न संपते तोच घंटा झाली. तो एक गुण कागदांवरून खोडून पाहिला, तर पहिल्या जजाकडे उसिक ११५–११३, दुसऱ्याकडे ११४–११४ आणि तिसऱ्याकडे फ्युरी ११५–११३, म्हणजे लढत बरोबरीत सुटते आणि कोणाचा पट्टा कोणाकडे जात नाही.

त्यामुळे दादाला भांडायचेच असेल, तर त्याने जजांशी भांडू नये, त्या मोजणीशी भांडावे. आणि तिथेही त्याची बाजू लंगडीच आहे. उसिकच्या बाजूचे लोक तर म्हणतात की रेफरी मध्ये आला म्हणून फ्युरी वाचला, नाहीतर लढत तिथेच निकाली झाली असती. मला स्वतःला मोजणी योग्य वाटली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत आपल्याच जिल्ह्यातल्या सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रच्या टांग डावाला चार गुण दिले, तेव्हा सिकंदरचे अर्धे मोहोळ आणि महेंद्रचे अर्धे मंगळवेढे समोरासमोर उभे राहिले होते, आणि आपण टीव्हीपुढे बसून "डाव कुणाचा ते सोडा, पाठ किती वळली ते सांगा" असे म्हणाला होतात. दोरांच्या बाबतीतही मी एवढेच पाहिले की दोर नसते, तर फ्युरी पायांवर राहिला असता का. नसता राहिला.

गंमत म्हणजे फ्युरीच्या बाबतीत असे पहिल्यांदा झालेले नाही. २०१८ साली वाइल्डरबरोबरच्या पहिल्या लढतीत तो नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला होता. तेव्हा एका जजाने त्याला ११४–११२ ने जिंकवले, एकाने ११३–११३ अशी बरोबरी दिली आणि एकाने वाइल्डरला ११५–१११ दिले. फेऱ्या मोजल्या तर पहिल्या दोघांनी फ्युरीला अनुक्रमे आठ आणि सात फेऱ्या दिल्या होत्या. पडण्याचे ते दोन गुण गेले नसते, तर ती लढत त्याच्या खिशात होती. हा माणूस फेऱ्या जिंकतो आणि हिशोब पडण्यात घालवतो.

"उसिकच्या देशात युद्ध आहे म्हणून लोक त्याच्या बाजूने आहेत" असे फ्युरी लढतीनंतर म्हणाला, ते दादाने उचलून धरले आहे. सहानुभूती प्रेक्षकांत असेलही. आमच्या मेसमध्ये तर ती भरपूर होती, केरळचा आमचा सोबती पहिल्या फेरीपासून उसिकसाठी ओरडत होता. पण ज्या जजाने फ्युरीला सात फेऱ्या दिल्या, तोही त्याच रिंगभोवती बसलेला होता.

माझ्या वहीत उसिक ११५–११२ आहे. मधल्या फेऱ्यांत, विशेषतः सहावीत, फ्युरीच्या खालून वर येणाऱ्या ठोशांनी उसिक हलला होता, त्या मी बिनदिक्कत फ्युरीला दिल्या. पहिल्या फेरीत मात्र फ्युरीने हात मागे बांधून जे नाटक केले, त्याला मी काही दिले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते नाटक मला आवडले नाही म्हणून ती फेरी उसिकच्या नावावर चढली असावी. ती एक फेरी मी फिरवली तर माझा कागद ११४–११३ होतो. माझे मत तेवढेच हलते.

आपण उन्हाचे घराबाहेर पडत नसाल असे धरून चालतो. दुपारी दादाकडून मोबाईलवर लढत लावून घ्यावी, समालोचन बंद ठेवावे, आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, बारा फेऱ्यांचे गुण लिहावेत. दोन्ही कागदांचे फोटो मला पाठवावेत. दादाचा कागद बेरजेसकट हवा. आईला नमस्कार सांगावा. पुढच्या महिन्यात इकडे येणाऱ्याबरोबर शेंगाची चटणी तेवढी जास्त द्यावी, केरळच्या सोबत्याने पैजेत अर्धा डबा जिंकला आहे.

आपला,
धाकटा