मोकळेपणाने लिहिलेल्या आठवणींना जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आठवणी मी आवडीने वाचतो; परंतु त्या बहुधा यशस्वी माणसांच्या असतात, आणि नापिकी, कर्ज व अकाली मृत्यू यांनी पोळलेल्या आमच्या भागातील वाचकाला त्यांचे कौतुक वाटले तरी धीर मिळत नाही. अमरावती जिल्ह्यातील एका गावात वाचनालय सांभाळताना माझे असे मत झाले आहे की, ज्याने आपली हार न लपवता लिहिली, त्याचेच लिखाण दुसऱ्याला आधार देते.

वाचनालयात येणाऱ्या एका शेतकरी भगिनीने मुलाच्या शाळेच्या उरलेल्या वहीत आपली हकिकत लिहिली आहे. तिच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेली आणि पुढे घरधनीही गेले. तेरवी झाल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून कोठीत ठेवले, शेजारणींना मात्र ‘रोज पूजा करतो’ असेच सांगत राहिली. नवऱ्यावरचा राग, सावकाराच्या ओसरीवर ताटकळणे, लेकरांवर उगाच उचललेला हात, सारे तिने लिहिले आहे. मृग लागल्यावर, वावरात सरकी टोबायला जाण्याच्या पहाटे, तिने ते फडके सोडले. का सोडले, हे तिला सांगता आलेले नाही, आणि तिने कारण रचलेलेही नाही. ती वही ऐकून तशाच प्रसंगातून गेलेल्या दुसऱ्या एका बाईने मला विचारले, ‘म्हणजे देवावर रागावलं तरी चालते का?’ पुढे तीही कोरी वही मागायला आली. एवढे बळ मी कोणत्याही प्रवचनात पाहिलेले नाही.

हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. दुष्काळात पैसा आणि मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली, हे तुकोबांनी स्वतःच्या अभंगात उघड सांगितले. आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून मिळवून तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा एकाच प्रसंगाची दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही पाठ नोंदवले. अडचणीचे ते गाळावे, असे त्या श्रद्धावंतांना वाटले नाही.

म्हणून विनंती अशी की, पुरवणीत महिन्यातून एकदा तरी खेड्यापाड्यांतील स्त्री-पुरुषांच्या अशा आठवणी छापाव्यात. लिहिणाराची इच्छा असल्यास नाव व गाव वगळावे, कारण सासर-माहेर आणि सावकार सारे त्याच पंचक्रोशीत असतात. वऱ्हाडी बोली मात्र प्रमाण भाषेत बदलू नये. हस्तलिखित वह्या टंकलिखित करून पाठवण्याचे काम आमचे वाचनालय विनामूल्य करील.

आपला,
एक ग्रंथपाल, जि. अमरावती