सूचना : रविवारच्या बैठकीसाठी एक कुतूहल घेऊन यावे

सर्व सभासदांस नम्र सूचना देण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात भरणाऱ्या बैठकीत प्रत्येकाने छायाचित्रण, विज्ञान किंवा लोकप्रिय संगीत यांतील मनाला उभारी देणारी एक गोष्ट सांगावी.

कशा प्रकारची गोष्ट अपेक्षित आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. 1977 मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात मराठीसह 55 भाषांतील अभिवादने, चक बेरी यांचे रॉक अँड रोल गीत आणि आपल्या फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी एकत्र नांदते. शंभराहून अधिक चित्रेही ध्वनीसारख्या संकेतांत बदलून त्याच तबकडीच्या खाचांत कोरलेली आहेत, म्हणजे छायाचित्रे तेथे गाण्यासारखी साठवली आहेत, आणि मला तर हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. या दोन यानांपैकी व्हॉयेजर-1 ने 14 फेब्रुवारी 1990 रोजी सुमारे 600 कोटी किलोमीटरवरून टिपलेल्या छायाचित्रात पृथ्वी एका लहानशा ठिपक्याएवढी दिसते. केरीच्या कन्येचा स्वर त्याहूनही दूर गेला आहे, याचा मनापासून अभिमान वाटतो.

प्रत्येकास सात मिनिटे मिळतील. माहिती कोठून मिळाली हे अवश्य सांगावे. मोबाईलवर फिरत आलेला मजकूर पडताळल्याशिवाय कृपया वाचू नये. ध्वनिमुद्रण ऐकवायचे असल्यास शुक्रवारपर्यंत चिटणिसांना कळवावे.