वय छापता, मग गुरू का नाही छापत?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गणपती आले की आपल्या सांगली-मिरजेच्या पानावर एक बातमी ठरलेलीच असते, अमुक वर्षांच्या चिमुकल्याने वादनाने सगळ्यांना थक्क केलं, मग फोटो, शाल, नारळ, आमदारांच्या हस्ते सत्कार. वय मोठ्या टाइपात. पोरगं कुणाकडे शिकतंय, काय वाजवलं, राग कुठला, गाणं कुठलं, ते शोधून सापडत नाही. हे तुमच्याच पेपरात आहे असं नाही हो, सगळेच तसं छापतात, पण तुमचा पेपर घरी येतो म्हणून तुम्हालाच लिहितोय.

मी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवत आलोय. आपल्या भागात मेंडोलिन म्हटलं की निम्मे लोक "म्हणजे बेंजो का?" म्हणतात, कारण वरातीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलाय. त्याला माझी ना नाही, बेंजोवाल्यांचे हात काय चालतात ते बघावं. पण मेंडोलिन वेगळं, आणि त्या मेंडोलिनवर जो माणूस सगळ्यांच्या पुढे गेला त्याची गोष्ट या चिमुकल्यांच्या बातम्या वाचताना मला दरवेळी आठवते.

मेंडोलिन श्रीनिवास. पूर्ण नाव उप्पलपु श्रीनिवास, जन्म २८ फेब्रुवारी १९६९, गाव आंध्रातलं पालकोल्लू. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. सहा वर्षांच्या पोराने वडिलांचं मेंडोलिन उचललं आणि वाजवायला लागला, इथपर्यंत सगळे सांगतात, टाळ्या वाजवतात आणि गोष्ट संपवतात. खरी गोष्ट तिथून पुढं आहे. वडिलांचेच गुरू होते रुद्रराजू सुब्बराजू, ते स्वतः दक्षिणेच्या शास्त्रीय म्हणजे कर्नाटक संगीतातले मोठे गायक चेंबै वैद्यनाथ भागवतार यांचे शिष्य, त्यांनी या पोराला शिकवायला घेतलं. आता गंमत बघा, सुब्बराजूंना मेंडोलिन वाजवताच येत नव्हतं! ते नुसतं गायचे. त्यांनी गायचं आणि पोरानं ते ऐकून तारेवर काढायचं, बोट कुठं ठेवायचं हे सांगणारं कुणी नाही कारण कर्नाटक संगीत मेंडोलिनवर त्याआधी असं कुणी बसवलंच नव्हतं. म्हणजे हात शिकला तो गळ्याकडून. आणि माझ्या मते श्रीनिवासचं जे काही पुढं झालं त्याचं मूळ इथंच आहे, बोटांच्या स्पीडमध्ये नाही.

हे किती अवघड आहे ते वाजवणाऱ्यालाच कळतं म्हणून जरा सांगतो. साध्या मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावलेल्या. आवाज बारीक, आणि तार छेडली की सूर लगेच मरतो, म्हणून मग आम्ही पिक (तार छेडायची छोटी पट्टी) भराभर वर-खाली मारत राहतो, ते थरथरतं मेंडोलिन तुम्ही हिंदी गाण्यांत ऐकलंय ते हेच. सिनेमाला ते बास होतं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मूळचे मेंडोलिनवालेच, सज्जाद हुसेन तर शास्त्रीय राग वाजवायचे, ते वेगळ्याच लेव्हलचं काम. पण कर्नाटक संगीतात सूर सरळ उभा राहतच नाही, तो हलतो, डोलतो, शेजारच्या सुराला टेकून येतो. सतारीला पडद्यावर तार बाजूला ओढून मींड काढता येते, तिथं रुंद जागा असते. मेंडोलिनची मान केवढी, पडदे चिकटून, आणि जोडीच्या दोन तारा एकदम ओढल्या की दोन्ही एकमेकींशी भांडायला लागतात, एक चढते एक राहते. मी प्रयत्न केलाय, कानाला लाज वाटते.

श्रीनिवासने जोड्याच काढून टाकल्या. एकेक तार ठेवली, खाली खर्जासाठी पाचवी तार घेतली, आणि वाद्य इलेक्ट्रिक घेतलं म्हणजे सूर टिकायला लागला. आता एकाच तारेवर बोट घसरवता येतं, तार थोडी दाबून ओढता येते, आणि अॅम्प्लीफायरमुळे पिकचा एक ठोका मारून तीन-चार सूर त्याच श्वासात काढता येतात. गुरूच्या गळ्यातून जे आलं ते वाजवायला वाद्य पुरेना म्हणून वाद्य बदललं, उलटं नाही केलं. आजकाल पोरं आधी महागडं गिटार, पेडल, सगळं घेतात आणि मग काय वाजवायचं ते शोधतात, असो.

१९७८ ला आंध्रातल्याच गुडीवाड्याच्या त्यागराज आराधनेत (कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या स्मरणाचा उत्सव) पहिली मैफल, मग कुटुंब चेन्नईला, १९८१ च्या डिसेंबर सीझनमध्ये, म्हणजे तिथल्या मैफलींच्या हंगामात, तिथं वाजवलं तेव्हा तो बारा वर्षांचा. सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं नाही, परदेशी वाद्य, तेही विजेवरचं, हे कसलं कर्नाटक संगीत म्हणून नाकं मुरडणारे होतेच. यात नवीन काय, आपल्याकडं पेटीचं तेच झालं, १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, आणि पेटीशिवाय आपलं नाट्यसंगीत उभं तरी राहिलं असतं का? पुढं १९८३ ला बर्लिनच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये हा पोरगा वाजवून आला, वय चौदा. १९९८ ला पद्मश्री.

पण मला विचाराल तर त्याची खरी वाढ टाळ्यांच्या या यादीत दिसत नाही, ती रेकॉर्डिंग ओळीने ऐकली की दिसते. लहानपणीच्या कॅसेटमध्ये स्वरकल्पनांचा, म्हणजे ऐनवेळी सुचलेल्या सरगमींचा, नुसता पाऊस आहे, आपण "अरे बापरे" म्हणत राहतो. नंतरच्या वाजवण्यात तो थांबायला लागतो. आलापनेत, म्हणजे तालाशिवाय राग उलगडताना, एक सूर लावून त्याच्यावर बसतो, खर्जाच्या तारेवर उतरतो आणि घाई करत नाही, वेगात जायची ताकद हातात आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून त्या थांबण्याला वजन येतं. जॅझ गिटारवाले जॉन मॅकलॉफलिन आणि तबल्याचे झाकीरभाई यांच्या रिमेम्बर शक्ती या ग्रुपमध्ये तर समोर एवढी मोठी माणसं, तालवाद्यांचे सेल्वगणेश, गायक शंकर महादेवन, तिथं पण हा कोपऱ्यात बसून हसतो, दुसऱ्याचं ऐकतो, त्यानं टाकलेला तुकडा उचलतो आणि आपल्या रागाच्या भाषेतच परत देतो. जॅझवाला व्हायचा प्रयत्न नाही केला. व्हिडिओ बघा, हातात ते एवढंसं वाद्य, अंगविक्षेप शून्य, फक्त बोटं चालतात. स्टेजवर उड्या मारल्याशिवाय परफॉर्मन्स होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तर बघाच. धाकटा भाऊ यू. राजेश त्याच्याकडूनच तयार झाला, शेजारी बसून वाजवायचा.

१९ सप्टेंबर २०१४ ला चेन्नईत गेला. पंचेचाळीस हे काय जायचं वय झालं?

आता तुम्ही म्हणाल हे आंध्राचं, चेन्नईचं, आम्हाला का सांगताय. तर साहेब, आपल्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यांनी त्या काळात त्यागराजांचं कीर्तन खरहरप्रिया या कर्नाटकी रागात गाऊन रेकॉर्ड केलंय, १९३७ ला प्रवासात मद्रासच्या बाजूलाच वारले आणि मिरजेत दर्ग्याजवळ विसावले. शिकलगार मंडळी सतार-तंबोरे बनवतात, २०२४ ला त्याला जीआय (त्या भागाची खास ओळख सांगणारं सरकारी मानांकन) मिळालं तेव्हा तुम्हीच पहिल्या पानावर छापलं. एवढा कान असलेल्या भागात पोराच्या बातमीत गुरूचं नाव नसावं?

म्हणून मागणं साधं आहे. बातमीत पोराचं वय छापा, खुशाल छापा, पण कुणाकडे शिकतो, किती वर्षं, आणि काय वाजवलं ते एका ओळीत तरी येऊ द्या. आणि दुसरं म्हणजे तेच पोरगं वीस-बावीसचं झालं की पुन्हा एकदा जाऊन या, अजून वाजवतंय का विचारा, तेव्हा फोटो छोटा टाकला तरी चालेल. मंडळांना पण सांगतो, सत्काराला वीस मिनिटं आणि वादनाला तीन मिनिटं हे गणित उलटं करा की राव. तीन मिनिटांत पोरगं वेगच दाखवणार, दुसरं काय दाखवणार?

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली

ता. क. कुणाला ऐकायचंच असेल तर आधी खाँसाहेबांचं ते खरहरप्रियेतलं रेकॉर्डिंग ऐका, मग श्रीनिवासच्या नव्वद सालानंतरच्या कुठल्याही मैफलीतली संथ आलापना लावा, हेडफोन लावून, मोबाईलच्या स्पीकरवर खर्जाची तार ऐकूच येत नाही.