छाटणीआधी लिहिलेलं पत्र

नाशिक, १२ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी अर्ध्यातच गप्प झाले असते, म्हणून लिहिते. मी ३१ ऑगस्टला नोकरी सोडली. अंबडला शेड भाड्याने घेतलीय, भट्टीही लागलीय. तुम्हाला आधी विचारलं नाही, हे मनाला खातंय.

बाबा, एवढं शिकून घण हाती घेतला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी जिन्याचे कठडे, फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या करते आणि त्यांवर आपली द्राक्षवेल चढवते. साच्यातली तयार पानं बाजारात मिळतात, पण ती सगळी एकसारखी. मी पत्रा छिन्नीने कापते, नारिंगी तापला की देठापासून फुटणाऱ्या पाच शिरा उमटवते. त्या पाच तुम्हीच मोजायला लावल्या होत्या. लोखंड काळपट लाल झालं की हात थांबवायचा, नाहीतर तडकतं. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या तर जळालंच समजा. वेलीचा वेटोळा तणावा सगळ्यांत अवघड. सळई निमुळती करून एकाच तापात वळवावी लागते, थांबत थांबत वळवली की वळण मोडतं. परवा पहिल्यांदा मनासारखा जमला. लहानपणी आंबट तणावे चावायचे आणि आई ओरडायची, "अगं, फवारणी झालीय!" तेच आठवलं.

आई, सुती कपडे, चष्मा, चामड्याचा एप्रन, सगळं घालते. जस्ताचा मुलामा असलेलं काही भट्टीत टाकत नाही, त्या धुराने ताप येतो. डबा रोज येतो, भाकरी मऊ असते. सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवलंय, एका फाटकाचं काम हातात आहे. २०१४ च्या गारपिटीनंतर तुझ्या हातातल्या पाटल्या कुठे गेल्या, हे मी कधी विचारलं नाही. पण विसरलेही नाही गं.

आता ऐका. बाबांनी शुगर या आठवड्यातच तपासायची, पुढच्या नाही. बागेच्या छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावताना हातमोजे घालायचेच, "इतकी वर्षं काही झालं नाही" हे मला सांगू नका. गुडघा दुखत असेल तर मजूर वाढवा, पैसे मी देते. छाटणीला चार दिवस येतेच आहे.

बाबांची जुनी कात्री दादाबरोबर पाठवा. धार मीच लावणार, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका.

तुमची,
ठकी