कंपन्यांच्या शिक्षणनिधीत आईवडिलांनाही जागा हवी

संपादक महोदय,

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालिका शाळांच्या आवारात कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून दप्तरे, वह्या आणि टॅब यांच्या वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र महापालिका स्वतःच विद्यार्थ्यांना २७ शालेय वस्तू मोफत देत असताना त्याच वस्तूंवर पुन्हा खर्च करण्यात काय हशील, हे कोणी तरी विचारायला हवे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षणाच्या संदर्भात मुलांबरोबरच स्त्रिया आणि वृद्ध यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तरीही शिक्षणावरचा खर्च म्हणजे शाळकरी मुलांवरचा खर्च, असे समीकरण रूढ झाले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत साक्षरता सुमारे ८९ ते ९० टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर दहांपैकी साधारण एका व्यक्तीला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि हे प्रमाण बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) श्रीमंत परिसरात आणि मानखुर्द-गोवंडीच्या गरीब वस्त्यांत सारखे असणार नाही, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. शाळेची सूचना आता व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेणाऱ्या आईने मुलाचा अभ्यास घ्यावा, अशी अपेक्षा आपण पालकसभेत बिनदिक्कत व्यक्त करतो. सरकारी योजनाही या घराचे दोन तुकडे करतात. २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान तिसरीपर्यंतच्या मुलाचे वाचन पाहते, तर २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि तो मुख्यतः स्वयंसेवकांवर उभा आहे. आई एका यादीत, मूल दुसऱ्या यादीत, आणि दोघांनी एकत्र पुस्तक उघडावे यासाठी कोणाकडेच तरतूद नाही.

ही जागा कंपन्यांना भरून काढता येईल. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे १९८९ मध्ये कुटुंब-साक्षरतेसाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि १९९१ पासून टोयोटा कंपनीने त्याला दीर्घकाळ अर्थसाहाय्य दिले. तेथील पद्धतीत मुलांचे शिक्षण, प्रौढांचे शिक्षण, पालकांना मार्गदर्शन आणि पालक व मूल यांनी एकत्र शिकण्याचा राखीव वेळ, असे चार भाग असतात. आपल्याकडे हा विचार अगदीच परका मानण्याचे कारण नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच शहरात गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली होती.

असे वर्ग चालवण्यात पुस्तकांचा खर्च फार मोठा नसतो. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील गोष्टी खुल्या परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत, छापून घेतल्या की काम भागते. खरा खर्च माणसांचा आहे. वस्तीतील एखाद्या शिकलेल्या बाईला नियमित मानधन देऊन दुपारी, म्हणजे घरकाम आटोपल्यानंतर आणि मूल शाळेतून आल्यावर, समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत वर्ग घेण्यास सांगितले, तर आई आणि मूल दोघेही येतील. बचत गटांची मदत घेतली तर बायका जमवणेही अवघड जाणार नाही. भाषेचा प्रश्न मात्र सोपा नाही. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि घरात भोजपुरी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशी स्थिती सर्रास आढळते. माझ्या मते आईची सुरुवात तिला बोलता येणाऱ्या भाषेतून व्हावी आणि मुलाच्या शाळेच्या माध्यमाकडे नंतर वळावे. अन्यथा महिनाभरात वर्ग ओस पडतो.

त्यासाठी एका आर्थिक वर्षापुरती देणगी उपयोगाची नाही. सीएसआर नियमांमध्ये एकाहून अधिक वर्षे चालणारा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत राबवण्याची मुभा आहे, पण फलक लावून आणि छायाचित्र काढून मोकळे होण्याची सवय लागल्यामुळे ती अशा कामासाठी क्वचितच वापरली जाते. कंपन्यांनी अहवालात किती दप्तरे वाटली याऐवजी किती आयांना मुलाचे प्रगतिपुस्तक स्वतः वाचता येऊ लागले, हे नोंदवावे.

शेवटी एक अप्रिय मुद्दा. लोअर परळच्या उंच इमारतींत रोज लादी पुसणाऱ्या आणि दारावर उभ्या राहणाऱ्या किती जणांना नीट वाचता येते, याची चौकशीही आपल्या कंपन्यांनी करावी. कंपनीच्या केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तो धरू नये. पाळीतला एक तास या शिक्षणासाठी पगारी द्यावा आणि त्यांच्या मुलांनाही त्या वर्गाला येऊ द्यावे, एवढीच विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई